पाळी गेल्यावर वजनं उचलू नयेत? उलट आहे

‘पाळी थांबली की हाडं ठिसूळ होतात, बायकांनी वजनं उचलू नयेत’ असा मेसेज फिरतोय. पहिला अर्धा भाग बराचसा खरा. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) घटलं की हाडांची झीज भरून येण्यापेक्षा जास्त वेगाने होते. पण म्हणूनच हाडांवर भार हवा! ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ चाचणीत (२०१८) हाडांची घनता कमी असलेल्या, ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांनी आठवड्यातून २ वेळा, अर्धा-अर्धा तास चांगली जड वजनं उचलली. ८ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. अर्थात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून सुरुवात करून; उद्याच बारबेलला हात घालू नका. मणका आधी मोडला असेल तर डॉक्टरांना विचारूनच. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने हाडांना एवढा ताण मिळत नाही.