मोतिया की मोरपंखी? असा लावा निकाल

हॉलला मोतिया रंग द्यायचा की मोरपंखी, असा वाद घरात पेटला असेल तर पहिलं पथ्य पाळा: भिंतीकडे बघू नका. थेट दुकान गाठा, ट्यूबलाइटखाली शेडकार्डावरचा टपाल तिकिटाएवढा चौकोन निरखा आणि 20 लिटरची बादली सांगून मोकळे व्हा. छोटा सॅम्पल डबा आणावा, भिंतीवर दोन हात मारून सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवे लावून बघावं, असं सुचवणारा माणूस रिकामटेकडा समजा. ट्यूबखाली निळा वाटणारा मोरपंखी पिवळ्या दिव्यात हिरवट-काळपट दिसतो, हे आधीच कळलं तर नंतर भांडायला काय उरणार?

मग उन्हाचा मुद्दा काढा. सोलापूरचा मे, पारा 43 वर, त्यात गडद भिंती म्हणजे खोलीची भट्टी! घरात एक तरी मामा हे बोलतातच आणि सगळ्यांना पटतं. आता, वरच्या मजल्यावरची खोली तापते ती डोक्यावरच्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बसणाऱ्या उन्हामुळे. आतल्या रंगाचा त्यात हात जवळपास नाहीच. गच्चीवर पांढरा चुना मारला तर फरक पडतो. पण त्यासाठी गच्चीवर चढावं लागतं, वाद मात्र पंख्याखाली बसून घालता येतो. मोरपंखीचा खरा दोष हा की तो उजेड गिळतो आणि दुपारीसुद्धा दिवा लावायला लावतो. ते कुणी बोलू नये. वीजबिल सांगेलच.

मोतिया घेणाऱ्यांनी सोफ्यामागे तेलकट डोक्यांचे गोल उमटतील याची तयारी ठेवावी. शेंगाचटणीची बोटं वेगळी.

काम काढायचं ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आदल्या आठवड्यात. पाहुणे यायच्या आत पुट्टी, प्रायमर आणि दोन हात वाळलेच पाहिजेत, असं पेंटरला दरडावून सांगा. तो “होतंय की मालक” म्हणेल. रंग कुठला बरा, हेही त्यालाच विचारा. “सध्या हेच चालतंय,” असं तो दोन्हींबद्दल सांगतो.

शेवटी तडजोड: एक भिंत मोरपंखी, तीन मोतिया. मोरपंखीला टेकवून कपाट उभं करा, वर टीव्ही, शेजारी सिद्धरामेश्वरांचा फोटो, कॅलेंडर. रंग वीतभर दिसला तरी पुष्कळ. उरलेली बादली झाकण अर्धवट लावून माळ्यावर टाका. घट्ट होऊन जमली, की भाडेकरूला सांगा, तुमच्या खोलीचा रंग आम्ही आणूनच ठेवलाय.