मोरबाथचा पाद्री संधिसाधू होता का?

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचा विषय निघाला की आपली गाडी आठव्या हेन्रीच्या सहा बायकांपाशी अडकते. कुणाला सोडलं, कुणाचं मुंडकं उडवलं, कोण बाळंतपणात गेली. राजाला मुलगा हवा होता, पोप लग्न मोडून देईना, म्हणून १५३४ साली राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. संपली गोष्ट. वेब सिरीजवाल्यांचं यात भागतं, कारण झगे छान दिसतात.

मला ही गोष्ट राजवाड्यातून बघायचा कंटाळा आलाय. ती नीट बघायची असेल तर डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या कडेला असलेल्या मोरबाथ नावाच्या खेड्यात जावं. तीसेक घरांची वस्ती, मेंढ्या, पाऊस आणि संत जॉर्जच्या नावाचं एक चर्च. या गावाबद्दल आपल्याला काही कळतं ते तिथल्या पाद्र्यामुळे. ख्रिस्तोफर ट्रिकी १५२० मध्ये तिथे आला आणि १५७४ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, तिथेच राहिला. चर्चचा जमाखर्च तो स्वतःच्या हातानं लिहून ठेवायचा आणि गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचा. ती वही टिकली.

वहीत काय आहे? आपल्या एखाद्या देवस्थानच्या जमाखर्चात असतं तेच. चर्चमध्ये वेगवेगळ्या संतांच्या नावानं वेगवेगळे निधी होते. तरुण पोरांचा वेगळा, पोरींचा वेगळा. संतांच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, त्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत. लोकर विकली की पैसे संताच्या खात्यात. वर्षातून चर्चतर्फे बिअर गाळून गावजेवण व्हायचं आणि त्यातून वर्गणी जमायची. हिशेब बघणाऱ्या कारभाऱ्यांमध्ये बायकाही असत. धर्म म्हणजे बायबलातला कुठला मुद्दा मान्य, कुठला अमान्य हा प्रश्नच या लोकांपुढे नव्हता. संताची मेणबत्ती यंदा कोण सांभाळणार, हा होता.

ट्रिकीबाबांनी आल्या आल्या डेव्हनमधल्या एक्झेटर शहरातल्या संत सिडवेलची मूर्ती गावाला दिली. लोकांना ती इतकी आवडली की पोरींची नावं सिडवेल ठेवायला लागले. मग बाबांच्या मनात आलं की मयताच्या प्रार्थनेसाठी चर्चकडे चांगली काळी वस्त्रं हवीत. गाव गरीब. चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरचा आपला हक्काचा वाटा त्यांनी सोडून दिला, आणि पै पै साठवत सुमारे वीस वर्षांनी, १५४७ मध्ये, ती वस्त्रं आली.

त्याच वर्षी हेन्री मेला. नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर बसला आणि त्याच्या आडून कट्टर प्रोटेस्टंट (पोपला आणि संतांच्या पूजेला न मानणाऱ्या) मंडळींनी कारभार हातात घेतला. मूर्ती काढा, मृतांसाठी प्रार्थना बंद, संतांचे निधी बंद. वीस वर्षांच्या बचतीचे कपडे नुकतेच घडी मोडलेले, आणि ते वापरायलाच बंदी! मेंढ्या विकाव्या लागल्या. गावजेवण गेलं. चर्चची वस्त्रं आणि सामान लोकांनी वाटून आपापल्या घरी नेऊन ठेवलं.

१५४९ साली लॅटिनच्या जागी नवं इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं आणि डेव्हन-कॉर्नवॉल पेटलं. बंडखोरांनी एक्झेटरला वेढा घातला. त्यांच्या मागण्यांत कॉर्नवॉलवाल्यांनी साफ लिहिलं होतं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी समजतच नाही. म्हणजे ‘लोकांच्या भाषेत धर्म आणला’ हे जे सरसकट कौतुक चालतं, त्याला तिथेच छेद जातो. मोरबाथच्या वहीत त्या वर्षी गावानं पाच तरुणांना खर्चाला पैसे देऊन छावणीकडे पाठवल्याची नोंद आहे. ती छावणी बंडखोरांचीच होती, असं अभ्यासक मानतात. गावाच्या खर्चानं राजाविरुद्ध माणसं पाठवली आणि हिशेबात लिहूनही ठेवली! सरकारनं भाडोत्री परदेशी सैनिक आणून बंड चिरडलं, माणसं फासावर गेली.

१५५३ मध्ये कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारी, मेरी राणी झाली. लपवलेल्या वस्तू घराघरांतून परत आल्या. एडवर्डच्या काळात आपलं चर्च नुसतं खंगत गेलं, असं बाबांनी आता उघड लिहिलं. या मेरीनं पाच वर्षांत २८० हून जास्त प्रोटेस्टंट जिवंत जाळले, हेही इथेच सांगायला हवं, नाहीतर मी एका बाजूची वकिली करतोय असं वाटेल. १५५८ मध्ये मेरी गेली, एलिझाबेथ आली, आणि १५५९ मध्ये पुन्हा इंग्रजी प्रार्थना. रविवारी चर्चला दांडी मारली तर १२ पेन्स दंड. ट्रिकीबाबा पाद्रीच राहिले.

आता मूळ मुद्दा. वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्या अशा पाद्र्यांची इंग्रजांनी पुढे भरपूर टिंगल केली. ब्रे गावच्या पाद्र्याची म्हणच झाली: राजा कुणीही येवो, आपण मरेपर्यंत ब्रेचाच पाद्री. इतिहासात भाव खाऊन जातात ते न झुकणारे. यॉर्कच्या खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो घ्या. घरात कॅथलिक पाद्री लपवल्याच्या आरोपावर तिनं कोर्टात बाजू मांडायलाच नकार दिला, म्हणून १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारलं. किंवा आपल्या ओळखीचे फादर थॉमस स्टीफन्स. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या दर मराठी दिनाला फिरतात, पण विल्टशरचा हा माणूस गोव्यात कशाला आला हे कुणी विचारत नाही. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून उघड जगणं अशक्य झालं होतं. तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. त्याचा मित्र थॉमस पाउंड मागे राहिला आणि सुमारे तीस वर्षं तुरुंगांत सडला. (आणि स्टीफन्स जिथे आला त्या पोर्तुगीज गोव्यात देवळं पाडली गेली होती, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं होतं. तिथे तो सत्तेच्या बाजूला होता. हे आपण ओव्या फॉरवर्ड करताना सोयीनं गाळतो.)

या लोकांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण १५५९ ची, चर्चवर पोपची नाही तर राणीची सत्ता मानण्याची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा एक सोडून सगळ्या बिशपांनी नकार देऊन पदं गमावली, आणि गावोगावच्या पाद्र्यांपैकी बहुतेकांनी शपथ घेतली. ते सगळे भित्रे आणि पोटार्थी, असं म्हणायचं का? बिशप गेला तर दुसरा बिशप येतो. ट्रिकी गेला असता तर कुणीतरी परका पाद्री आला असता, ज्याला कुणाच्या कळपात संताच्या किती मेंढ्या होत्या आणि १५४९ ला कुणाची पोरं गेली हे ठाऊक नसतं. लग्नं लावायची होती, पोरांना बाप्तिस्मा द्यायचा होता, मयतं पुरायची होती. त्यानं सिद्धांत सोडला आणि गाव धरलं. पगार घेतला का? घेतला. मनातून पटलं होतं का? शेवटच्या वर्षांत पटलंही असेल. माणूस पंधरा वर्षं जी प्रार्थना म्हणतो ती त्याची होऊ शकते.

कमेंटमध्ये ‘तत्त्वनिष्ठा’ शिकवायला येणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: त्या तीसेक घरांनी नक्की काय करायला हवं होतं? बंड तर त्यांनी करून बघितलं होतं.