पॅलाडिनने खोटं बोलायचं नाही म्हणे!

दुपारी भाच्याचा फोन आला, आवाज रडवेला. नववीतला पोरगा, मित्रांबरोबर नुकताच डी अँड डी खेळायला लागलाय, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर व्हायचं आणि गोष्ट खेळायची. आजच्या सेशनमध्ये त्याच्या पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याने, एका लहान मुलीला कणगीत लपवलं आणि तिला धरायला आलेल्या शिपायांना सांगितलं, "इथे कोणी नाही." डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि निवाडा देणाऱ्या पोराने, खेळ थांबवला. "तू लॉफुल गुड आहेस. खोटं बोललास. पॉवर्स गेल्या तुझ्या." लॉफुल गुड म्हणजे नियम पाळणारा आणि भला; कॅरेक्टरच्या अशा लेबलाला अलाइनमेंट म्हणतात.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

अरे, पोरीचा जीव वाचवला त्याने! कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला ब्राह्मण. दरोडेखोरांच्या भीतीने माणसं रानात लपतात, दरोडेखोर याला विचारतात, हा खरं सांगून टाकतो. माणसं मारली जातात आणि सत्यवादी कौशिक नरकात जातो. हे आपल्याकडे इतक्या जुन्या काळी सांगून झालंय, आणि आपण टेबलावर बसलो की अलाइनमेंटचा नऊ घरांचा तक्ता बघून निवाडा करणार?

तो तक्ताही काही पहिल्यापासूनचा नाही. 1974 च्या मूळ खेळात तीनच बाजू होत्या: लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (मधली), केऑस (बेबंद). नऊ घरं 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात आली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनला लॉफुल गुडची अटच राहिली नाही, तो आपल्या शपथेला बांधलेला. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाने तर 2023 च्या रीमास्टर आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकली. हो, पॅलाडिनच्या शपथांपैकी डिव्होशनच्या शपथेत खोटं बोलू नये असं आहे, मान्य. पण त्याच शपथेत दुबळ्यांचं रक्षण कर असंही आहे. दोन कलमं समोरासमोर उभी राहिली होती! याहून चांगला प्रसंग डीएमला आयता मिळतो का? त्याने तो पेनाच्या एका रेघेत संपवला.

माझ्या मित्रांना आमच्या खेळातला घाटातला दरोडेखोर आठवत असेल. पार्टीने, म्हणजे सगळ्यांच्या कॅरेक्टरांच्या टोळीने, त्याला पकडलं, "अड्डा सांग, सोडून देतो" असा शब्द दिला, त्याने सांगितला. मग आमचा लॉफुल गुड योद्धा म्हणाला, हा दुष्ट आहे, मारून टाकू. आणि कॅरेक्टरच्या शीटवर केऑटिक न्यूट्रल (मनाला येईल तसं वागणारी, ना भली ना वाईट) लिहिलेली चोरटी दारात आडवी उभी राहिली. "शब्द दिलाय." बाकी एक वाक्य नाही. टेबलावर कोणी चिप्सच्या पुडीलाही हात लावेना. कोणीतरी डिटेक्ट इव्हिल टाकू म्हणालं, पण पाचव्या आवृत्तीतला तो मंत्र राक्षस, भुतंखेतं असल्यांचा माग काढतो, माणसाच्या मनात काय आहे ते नाही सांगत. ठरवायचं त्यांनाच होतं.

सोडला त्याला. पुढे त्याने दुसऱ्या गावात दोन घरं लुटली. मी डीएम होते, मुद्दाम तसं घडवलं. कोणाची पॉवर काढली नाही, कोणाचं अलाइनमेंट खोडलं नाही. चोरटी स्वतःहून म्हणाली, "माझ्या वाटणीचं सोनं त्या घरांना देऊया." आणि पुढे एका वेढलेल्या गढीचा दरवाजा आतून उघडला, कारण ही माणसं शब्द पाळतात हे तोवर पसरलं होतं. दोन्ही परिणाम त्याच एका निर्णयाचे. चांगलं-वाईट खेळात असं येतं.

आता थोडी शांत झालेय. तो डीएमही पोरगाच आहे, कुठल्या तरी व्हिडिओत बघून शिकला असेल. नवख्याला सुरुवातीला लेबलचा आधार होतो, हेही खरं.

पण मोठ्यांचं काय? पार्टीचं सोनं ढापायचं, खानावळवाल्याला उगाच भोसकायचं, आणि समोरची मैत्रीण खरोखर दुखावली की वर तोंड करून, "मी केऑटिक न्यूट्रल आहे, माझं कॅरेक्टर असंच वागणार." कॅरेक्टर तूच बनवलंस ना? आमच्या चोरटीच्या शीटवरही तेच दोन शब्द होते. ती दारात आडवी उभी राहिली.

म्हणून माझ्या टेबलावर अलाइनमेंटचा रकाना सुरुवातीला कोराच राहतो. कॅरेक्टर करताना मी एवढंच विचारते: कोणाला दिलेला शब्द मोडणार नाहीस? काय बघवत नाही तुला? कोणासाठी खोटं बोलशील? उत्तरं माझ्या वहीत लिहून ठेवते आणि त्या उत्तरांवर गोष्ट बेतते. महिन्या-दोन महिन्यांनी ज्याचा त्याने तो रकाना भरावा, आपण काय काय केलं ते आठवून. कोणाला नसेल भरायचा तर राहू दे कोरा, माझं काही अडत नाही.