दहा हजार माणसं वाऱ्यानं मेली का?

लातूरच्या गंजगोलाईतल्या टपरीपाशी परवा विषय निघाला होता सोयाबीनचा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली होती आणि बालाजीची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, अजून रानातच होती. बोलता बोलता गाडी गेली 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळावर, कारण आमचे सुभेदार काका तेव्हा फौजेतून मदतकार्याला तिकडं गेले होते.

"दहा हजाराच्या आसपास माणूस गेलं तिथं," बालाजी म्हणाला. "निसर्गाचा कोप. माणसाच्या हातात काय हाय?"

सलीम भूगोल शिकवतो, तो गप्प बसणार नव्हताच. "वादळ निसर्गाचं, कबूल. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की वाफ जोरात वर चढते. वर तिचे ढग होताना उष्णता सुटते, ती खालची हवा आणखी वर ओढते. पृथ्वीच्या फिरण्यानं त्या हवेला पीळ बसतो आन् चाक सुरू होतं. पण माणसं वाऱ्यापेक्षा पाण्यानं जास्त मेली, बालाजी."

29 ऑक्टोबरला ते वादळ पारादीपजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 260 किलोमीटरच्या घरात होता. त्यानं समुद्रच उचलून आत ढकलला. उपसागराचं वरचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं, किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ. मग पाण्याला जमिनीवर चढण्यावाचून वाट राहत नाही. एरसमा भागात पाच-सहा मीटर उंचीची लाट गावांवरून गेली. एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यात आठ हजारांवर माणसं गेली.

काका तिथंच होते. "रस्ता शोधायलाच वेळ गेला, झाडं आडवी पडलेली. तळ्यात, विहिरीत सगळं खारं पाणी. चहूकडं पाणी आन् लेकरं तहानलेली! शहाळी फोडून दिली त्यांना. पाणी ओसरल्यावर भाताच्या रानात बोट फिरवून जिभेला लावलं, तर नुसतं मीठ. जे वाचले त्यातले कितीतरी शाळेच्या गच्चीवर चढलेले होते."

त्या शाळेच्या गच्चीवरच खरा वाद पेटला. बालाजी म्हणाला, "इशारा मिळाला नसंल." सलीम म्हणाला, "इशारा होता. पण कुडाच्या घरातल्या माणसानं जायचं कुठं? पक्के निवारे मोजके. बरं, पंधरवड्याआधीच ओडिशातल्याच गोपाळपूरला एक वादळ येऊन गेलेलं. घर सोडलं तर आहे तेवढंही जाईल, ही भीती गरिबाला असतेच." आणि त्यानं पुढचा आकडा ठेवला. 2013 ला फायलिन वादळ आलं तेही ओडिशातच, वाऱ्याचा वेग ताशी 200 च्या वर. त्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात निवारे बांधले गेले, राज्यानं आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण उभं केलं, गावोगाव स्वयंसेवक तयार केले.

टपरीवरच्या दत्ताचं मत वेगळं, हे सगळं तापमानवाढीमुळं. मला ते अर्धंच पटतं. समुद्र तापला की वादळांचा जोर आणि पाऊस वाढतो, हे खरंच आहे. पण 1970 ला भोला वादळानं आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं नेली, तेव्हा तापमानवाढीचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं. 2008 ला म्यानमारात नर्गिस वादळात 1 लाख 38 हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. आपल्या हवामान खात्यानं त्यांना दोन दिवस आधी कळवलं होतं. तिथल्या लष्करी सरकारनं बाहेरची मदत अडवून धरली आणि वादळानंतर आठवडाभरात देशाच्या बऱ्याच भागात जनमत चाचणी मात्र उरकून घेतली. तिथल्या इरावती नदीच्या मुखाशी खारफुटी तोडून भातशेती आणि कोळंबीची तळी केलेली, त्यामुळं लाटेला अडवायला काही उरलं नव्हतं. याला निसर्गाचा कोप म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"आपल्याला कुठं समुद्र हाय?" दत्तानं विचारलं. काकांनी त्याला 2021 ची आठवण दिली. गुलाब वादळ 26 सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि दोन दिवसांत आपल्या मांजरा नदीवरच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले. काठच्या वस्त्यांतली माणसं हेलिकॉप्टरनं उचलली. तेच वादळ पुढं अरबी समुद्रात उतरून शाहीन नावानं ओमानपर्यंत गेलं. मराठवाडा समुद्रापासून लांब आहे, या भरवशावर आपण नदीच्या पात्राला खेटून घरं बांधतो.

बालाजी मात्र हटला नाही, आणि त्याचा शेवटचा मुद्दा मला बिनतोड वाटला. "2019 च्या फनी वादळात बारा लाख लोक हलवले म्हणताव. पानमळे गेले, नारळ गेले, घरं गेली. जीव वाचला, मग खायचं काय? आमचंबी तसंच. 2024 पर्यंत सोयाबीन पाण्यात गेलं की 72 तासांत विम्याला कळवा म्हणायचे. लाईट नाही, रेंज नाही, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. कळवायचं कसं?"

यावर सलीमकडं उत्तर नव्हतं. तो एवढंच म्हणत राहिला की मांजराकाठच्या प्रत्येक गावात एक तरी पक्की, उंच गच्ची आधी ठरवा, रात्री कुणाला कुठं न्यायचं ते ठरवा. बालाजी म्हणत राहिला, पिकाच्या भरपाईचं बघा. मला दोन्ही पाहिजे. पण पहिल्यांदा गच्ची, आणि तीही येत्या पावसाळ्याच्या आत.