जावईबापूंनीही मदत केली

काल रात्री पावणेदहाला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकोच्या मामांचा मेसेज आला : ‘दुकानातील कॉम्प्युटर तात्यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ववत सुरू. जावईबापूंनीही मदत केली.’ खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

माझं भांडण त्या ‘ही’शी आहे. सोळा वर्षं मी डेटाबेस सांभाळायची नोकरी करतोय. काल त्यासाठी रजा टाकली होती. भरपगारी होती, पण होती माझीच ना?

झालं असं, की मामांचं अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जूनचा दुसरा आठवडा, त्यामुळे काउंटरवर आईबापांचे तीन थर. आणि सकाळपासून तिन्ही काउंटरांची बिलं बंद. सगळा हिशेब पोटमाळ्यावरच्या एका डब्यात, म्हणजे उबुंटू सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. ज्या मुलाने तो बसवला तो आता कॅनडात. मामांच्या लेखी कॉम्प्युटरवाला जावई आणि घरचा वैद्य यांना फी द्यायची नसते. चहा द्यायचा, तोही त्यांनी मागितला तर.

तात्या या दुकानात रोज दहा ते एक बसतात. ते गिऱ्हाईक नाहीत, नोकर नाहीत, नातलगही नाहीत. स्टूल मात्र त्यांचं आहे. हयात पोस्टाच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत गेली, रात्रीच्या गाडीत उभ्याने टपाल लावण्यात. हाताला सवय इतकी की समोरच्या गिऱ्हाइकांचंही ते मनातल्या मनात सॉर्टिंग करत असतात. ‘हे कोथरूडचे. उधारी मागणार नाहीत, पण पिशवी मागतील.’

“काय म्हणतंय ते?” मी काउंटरच्या कॉम्प्युटरशी बसल्या बसल्या तात्यांनी विचारलं.

“टाइमआउट.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण हाक मारली, पलीकडून उत्तरच नाही.”

“पत्ता तपासलात?”

“तात्या, हा पत्ता तीन वर्षं चालतोय.”

“हां. बारा जुलै एकसष्टला पानशेत फुटलं ना, तेव्हा पेठांमधले पिढ्यान्‌पिढ्या चाललेले पत्ते एका दुपारीत गेले.”

असल्या बोलण्याला माझ्या धंद्यात उत्तर देत नाहीत. मी मॉनिटर काखोटीला मारून पोटमाळ्यावर चढलो. तिथे गाइडांच्या गठ्ठ्यांमागे तो डबा धुळीत माखून बसला होता आणि अगदी ठणठणीत होता! पोस्टग्रेस चालू. ५४३२ पोर्टवर, म्हणजे त्याच्या नेहमीच्या दाराला, कान लावून बसलेलं. कुणाच्या हाका ऐकायच्या ते ठरवणारं लिसन-ॲड्रेसेस नावाचं सेटिंग मुळात फक्त लोकलहोस्ट असतं, म्हणजे दार आतल्या आत उघडं. त्या कॅनडावाल्याने तिथे चांदणीचं (*) चिन्ह टाकून ते जगाला उघडं ठेवलं होतं. पाऊण तास मी निरोगी पेशंटच्या छातीला नळी लावून बसलो होतो. तेवढ्यात खालून मामा म्हणाले, “काल रात्री दुकान बंद करताना इंटरनेटवाला नवा राउटर बसवून गेला. म्हटलं त्याचा काही संबंध नसणार, म्हणून बोललो नाही.”

जुना राउटर १९२.१६८.१ असे पत्ते वाटायचा, नवा १९२.१६८.० वाटत होता. सर्व्हरचं घर रात्रीत दुसऱ्या पेठेत गेलं होतं आणि तिन्ही काउंटर जुन्या वाड्याची कडी वाजवत होते.

मी खाली आलो, राउटरने कुणाला कुठला पत्ता दिलाय ती यादी उघडली आणि घाईघाईत नवा पत्ता घातला. शेवटचा आकडा १०२. एंटर मारल्याबरोबर उत्तर : कनेक्शन रिफ्यूज्ड.

तात्या स्टुलावरून उठले. मामा म्हणतात, एकच्या आत ते उठलेले त्यांनी पहिल्यांदा पाहिले.

“रिफ्यूज्ड! अहो, हा तर आमचा शेरा!” चष्मा वर-खाली करत ते स्क्रीनला नाक लावून उभे राहिले. “आता ऐका. रिफ्यूज्ड म्हणजे घर सापडलं. माणूस दारात आला. पाकीट बघितलं आणि घेत नाही म्हणाला. मघाचं जे तुमचं होतं, त्यात घरच नव्हतं. किंवा घर आहे, पण फाटकात असा कुत्रा, की आपण आलोय हे आत कळतच नाही. दोन्ही पाकिटं परतच येतात, पण पोस्टमनने दोन्हींवर एकच शेरा मारला तर त्याला मेमो मिळायचा.”

हे शब्दशः बरोबर आहे. तो कुत्रा म्हणजे फायरवॉल, नको त्या हाका दारातच अडवणारा प्रोग्राम. नवीन मुलांना एवढंच समजवायला मी दरवर्षी बावीस स्लाइड दाखवतो आणि अकराव्या स्लाइडला मुलं झोपतात. इथे सातवीचा भूगोल मागायला आलेली एक बाई भूगोल विसरून ऐकत होती.

“बरोबर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“तर मग ज्याच्या दारात गेलात, तो तो नव्हेच.”

नव्हताच. १०२ प्रिंटर होता. मी प्रिंटरकडे डेटाबेस मागत होतो आणि त्याने सभ्यपणे नकार दिला होता. सर्व्हर होता १०४.

इथून पुढे तात्यांना आवरणं शक्य नव्हतं. मी ‘पोस्टग्रेस’ म्हणालो तर ते म्हणे, “आमच्याच खात्यातलं का?” नाही हो, इंग्रेस नावाचं आधीचं एक होतं, त्याच्यानंतरचं म्हणून पोस्टग्रेस, बर्कले विद्यापीठात १९८६ला सुरू झालं. “म्हणजे आमच्या पिनकोडनंतर चौदा वर्षांनी,” तात्यांनी निकाल दिला. “बहात्तरचा पंधरा ऑगस्ट. आणि कोणाची कल्पना? श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतात कविता करायचे! पहिल्या तीन आकड्यांत थैली कुठल्या जिल्ह्याची ते, पुढच्या तिनांत पोस्ट ऑफिस. तुमचं हे एकशे ब्याण्णव वगैरे त्यातलंच.” साधारण त्यातलंच आहे, हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं.

१०४ घातल्यावर आपण जिंकलो असं मला वाटलं. आता शेरा वेगळा : या पत्त्यावरच्या माणसाची पीजी-एचबीए फाइलमध्ये नोंद नाही. ही फाइल म्हणजे गेटवरची वही. कुठल्या भागातून आलेल्याला, कुठल्या नावाने आत सोडायचं ते तिच्यात लिहिलेलं, आणि तिला अजून जुनीच पेठ माहीत. पुन्हा पोटमाळा. ओळ बदलली, रीलोड केलं, ढिम्म. पुन्हा बदलली, पुन्हा ढिम्म. चाळीस मिनिटांनी पोस्टग्रेसलाच विचारलं, बाबा, तू कुठली फाइल वाचतोस? त्यासाठी ‘शो एचबीए-फाइल’ अशी दोन शब्दांची आज्ञा आहे, आणि ती पहिल्या मिनिटाला द्यायची असते. त्या डब्यात पोस्टग्रेसच्या बाराव्या आवृत्तीचं फोल्डर तसंच राहिलं होतं आणि चालत होती चौदावी. मी मेलेल्या माणसाच्या वहीत नोंदी करत होतो.

“जुन्याच पत्त्यावर होतात म्हणा की,” खालून तात्या.

दोन वाजता बिलं सुरू झाली. निघताना मी बॅकअपचं विचारलं. मामांनी गल्ल्यावरच्या गणपतीच्या फ्रेममागून पेनड्राइव्ह काढला. त्यावर शेवटची फाइल मागच्या दिवाळीची. इथे मला खरंच राग आला, अजून आहे. तीन वर्षांची उधारी त्या धुळीच्या डब्यात, आणि माणूस म्हणतो, “तुम्ही आहात ना!” मी नाही आहे, मामा. मला चहादेखील मिळालेला नाही. तात्यांना दोन मिळाले आणि जाताना लांब वही. मला दहा टक्के सवलतीत ब्राऊन कव्हरांचा रोल. बाहेर आलो तर स्कूटर नाही. सम तारखेला विषम बाजूला लावली होती, सकाळच्या घाईत. ती सोडवायला गेलेले पैसे मामांना सांगितले. ते म्हणाले, “पाटी वाचायची.”

आज सकाळी साडेदहाला फोन. “जावईबापू, दोन नंबरच्या काउंटरला एक बिल दोनदा छापतंय. तात्या म्हणतात, साधं आणि रजिस्टर्ड दोन्ही गेलं असणार. त्यांना कारण कळलंय. फक्त कुठलं बटण दाबायचं ते दिसत नाही त्यांना, चष्मा घरी राहिलाय. तेवढं तुम्ही येऊन दाबा.”