अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीसच? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लोकसभेतल्या महाराष्ट्राच्या जागांबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. १९५२ साली 'महाराष्ट्राचे ४५ खासदार' निवडून आले हे माझं वाक्य साफ चूक, कारण महाराष्ट्र १९६० सालचा. मोजणी तिथूनच व्हायला हवी. दुसरा, १९७७ पासून जागा ४८ आणि आजही ४८, मग जो आकडा हललाच नाही त्याचा इतिहास तो काय लिहायचा? तिसरा, राज्यांच्या जागांचा आकडा गोठवला म्हणूनच लोकसंख्या आटोक्यात ठेवणारा महाराष्ट्र वाचला, तेव्हा रडगाणं पुरे. शिवाय तुमचे वडील संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चांत होते आणि तुम्ही स्वतः हडपसरला राहता, हेही तुम्ही कळवलंत. त्यामुळे उत्तर जरा सविस्तरच लिहिते.

चूक मान्य. १९५२ चे ४५ खासदार तेव्हाच्या मुंबई राज्याचे होते. त्यात अहमदाबाद-सुरत होतं, बेळगाव, धारवाड, विजापूर होतं. पण औरंगाबाद-नांदेड नव्हतं आणि नागपूर-अमरावतीही नव्हतं. मराठवाडा हैदराबाद राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात. स्वामी रामानंद तीर्थ १९५२ ला गुलबर्ग्यातून निवडून आले आणि १९५७ ला औरंगाबादमधून, एवढ्यावरून तो काळ ध्यानात यावा. माझा घोटाळा झाला तो आकड्याच्या योगायोगाने. महाराष्ट्राच्या जागा १९६२ ला ४४ होत्या, १९६७ ला ४५ झाल्या. टिपणं काढताना दोन्ही ४५ एकात मिसळले. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण मोजणी १९६० पासून करा, हे मला पटत नाही. १ मे १९६० ला नवं राज्य झालं तेव्हा लोकसभेची निवडणूक झाली नव्हती. मराठी आणि गुजराती प्रदेश मिळून झालेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे ६६ खासदार १९५७ ला निवडून आले होते. त्यांची वाटणी होऊन ४४ जण महाराष्ट्राचे झाले आणि २२ गुजरातचे. म्हणजे महाराष्ट्राचे पहिले खासदार महाराष्ट्र जन्माला येण्याच्या तीन वर्षं आधी निवडले गेले होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना लोकांनी मत दिलं होतं तेच हे राज्य व्हावं म्हणून. आपल्या पुण्यात ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवलं ते याच लाटेत. काकासाहेब नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते, मुंबई महाराष्ट्राचीच हेही त्यांनी संसदेत ठणकावून मांडलं होतं. पण ते काँग्रेसमध्ये राहिले आणि पुण्याने समितीला कौल दिला. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशकातून दादासाहेब गायकवाड, मुंबईतून डांगे, राजापुरातून नाथ पै. ही माणसं १९६० च्या आधीची म्हणून यादीतून गाळायची? तुमच्या वडिलांना तरी ते पटलं असतं का?

तिसऱ्या आक्षेपाकडे आधी वळते, कारण तो निम्मा बरोबर आहे. गोठवल्याने राज्य म्हणून आपलं नुकसान झालं नाही. पण आपण वाचलोही नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवलं. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, २०११ ला ११ कोटी २४ लाख. दोन्ही वेळा देशातला साधारण दर अकरावा माणूस महाराष्ट्रातला. मुंबई, ठाणे, पुण्याकडे येणारा लोंढा धरून आपण देशाच्या बरोबरीनेच वाढलो. तामिळनाडूचं तसं नाही. त्यांचा वाटा साडेसात टक्क्यांवरून सहावर आला, म्हणून फेरवाटपाची धास्ती त्यांना आहे. त्यांचं दुखणं आपलं म्हणून मिरवू नये.

आता तुमचा दुसरा आक्षेप. खरा लेख मी त्यासाठीच लिहिला होता.

आकडा गोठला, माणसं गोठली नाहीत. १९७१ च्या हिशोबाने एका खासदारामागे साडेदहा लाख लोक होते, २०११ च्या हिशोबाने तेवीस लाखांवर. आणि २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत, ४८ ला धक्का न लावता, आतल्या रेषा पार बदलल्या. विदर्भाच्या ११ जागांच्या १० झाल्या. खालच्या कोकणात कुलाबा, रत्नागिरी, राजापूर अशा तीन होत्या, त्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोन उरल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात दोनाच्या चार झाल्या. कराड गेलं, खेड गेलं, एरंडोल गेलं, पंढरपूर गेलं. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूरचे खासदार म्हणून देशाला ठाऊक, ते नाव लोकसभेच्या नकाशावर आता नाही. न हललेल्या आकड्याखाली एवढी उलथापालथ झाली आहे.

नकाशा राहू द्या, पुणेच घ्या. माझं माहेर सदाशिव पेठेत. भाऊ मतदान करतो पुणे मतदारसंघात. मी धायरीत राहते, म्हणजे खडकवासला विधानसभा, म्हणजे बारामती. तुम्ही हडपसरचे, म्हणून शिरूर. तुमच्या आणि जुन्नरच्या द्राक्षबागायतदाराच्या वतीने दिल्लीत एकच माणूस बोलतो. घरपट्टी मात्र तिघंही एकाच महापालिकेला भरतो. बहुतेक पिंपरी-चिंचवडकरांचं मत मावळात, घाट उतरून पनवेल-उरणच्या जोडीला.

रोज सकाळी मी मुठा उजव्या कालव्याच्या कडेने चालायला जाते. हे पाणी खडकवासल्यातून निघतं, आमच्या बाजूने पर्वतीकडे जातं, तिथून हडपसर, आणि पुढे दौंड-इंदापूर. बारामती, पुणे, शिरूर आणि पुन्हा बारामती, असे चार टप्पे एकाच कालव्यात. एका एप्रिलमध्ये आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाळीचं पाणी, सुटलं होतं, कालवा काठोकाठ वाहत होता, आणि परत आले तर आमच्या सोसायटीच्या दारात टँकर उभा. शेजारच्या काकू चिडून म्हणाल्या, "आपल्या दारावरून पाणी चाललंय आणि आपण विकत घेतोय." त्यांचा राग मला कळतो. पण ते पाणी इंदापुरातल्या ज्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकासाठी निघालेलं होतं, तो आणि काकू एकाच खासदाराचे मतदार आहेत. आवर्तन ठरतं राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात आणि कालवा सल्लागार समितीत, हे खरं. तरी धरण शहराचं की शेतीचं, या भांडणात पुण्याच्या खासदाराला शहराची एकच बाजू आहे आणि बारामतीच्या खासदाराला दोन्ही. ही अडचण निसर्गाने आणलेली नाही, पुनर्रचनेच्या रेषेने आणली आहे.

आणि ४८ म्हणजे ४८ च, असंही नसतं. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे ला. कायद्याने पोटनिवडणूक सहा महिन्यांत व्हायला हवी. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर सूट. दोन्ही ठिकाणी वर्षाहून जास्त मुदत होती. पुण्यासाठी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि थेट २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक आली. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं तेव्हा पुण्याची खुर्ची रिकामी होती. ज्या पुण्याने १९५२ ला इंदिराबाई मायदेवांना लोकसभेत पाठवलं, त्या पुण्याचं त्या दिवशी मतच नव्हतं. मला ते फार लागलं, आणि लेखात माझा स्वर चढला असेल तर तो त्यामुळे. त्या दिवशी महाराष्ट्र ४६ होता.

एक विनंती. तुमच्या वडिलांनी १९५७ च्या प्रचाराबद्दल घरी जे सांगितलं असेल, ते सविस्तर लिहून पाठवाल का? सभा कुठे व्हायच्या, वर्गणी कशी जमायची, काकासाहेबांच्या विरोधात मत देताना घरात काय बोलणं झालं, असं सगळं. तुमची परवानगी असेल तर वडिलांचं नाव न देता ते पुढच्या लेखात घेईन.