घाणेरीचा काढा पिऊ नका

‘घाणेरी म्हणजे आयुर्वेदातलं विसरलेलं अमृत. रोज सकाळी अर्धा कप काढा घ्या. ताप, मूळव्याध, सांधेदुखी पळते. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. पोरं फळं खातातच. दाराशी एक झुडूप लावा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मजकूर जिवावर बेतू शकतो.

आधी आयुर्वेदाचं. घाणेरी, म्हणजे टणटणी, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आणली. चरक-सुश्रुतांनी ती पाहिलेलीच नाही.

गुण अगदीच खोटे नाहीत. पाल्याच्या अर्काने प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखली, तेलाने डास पळतात. रानात कापलं की पाला चुरगाळून लावणारेही आहेत. पण काढा पोटात जातो, तिथून यकृतात. माणसाने किती घ्यावा याचं सुरक्षित प्रमाण ठरलेलंच नाही. मग हा अर्धा कप आला कुठून?

‘अपाय शून्य’ हे तर गुराख्यासमोर म्हणून बघा. पाल्यातली लँटाडीन नावाची द्रव्यं यकृतातून पित्त वाहणं अडवतात. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात बनणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे निघून जातो. तो आता रक्तात साठतो, कातडीत उतरतो आणि ऊन लागलं की कातडी भाजते. जनावर रवंथ सोडतं, डोळे पिवळे होतात, नाकपुड्या लाल होऊन सोलतात, ते सावली धरून बसतं. पोट थंडावल्याने पाला आतच राहतो आणि विष झिरपत राहतं. असं जनावर दिसलं तर सावलीत बांधा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा, झाडपाल्यात दिवस घालवू नका. सवयीची गुरं घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत; चारा संपला की खातात, किंवा परमुलखातून आणलेली खातात.

पोरं काळी पिकलेली फळं खातात, खरंय. हिरव्यांचं तसं नाही. फ्लोरिडातल्या मुलांच्या विषबाधेची १९६४ सालची वैद्यकीय नोंद आहे, त्यात एक मृत्यूही आहे. नंतरच्या नोंदींत त्रास बहुतेक किरकोळ दिसतो, तरी हिरवा घोस लेकराच्या हाती मी तरी देणार नाही.

राहिलं दाराशी लावणं. बुलबुल फळं खाऊन बी रानभर टाकतात, गवत दबतं, गुरांचा आणि हरणांचा चारा जातो. वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, मुळाशी खणूनच काढावी लागते. उपयोग करायचाच तर कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरातल्या सोलिगा या आदिवासी जमातीतल्या कारागिरांसारखा करा. ते घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या आणि मोठाले हत्ती बनवतात.